एनएफएस म्हणजे काय: फोल्डर दुसऱ्याच्या डिस्कवर, दिसतं मात्र आपल्याच मशीनवर

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लिनक्स लॅबमधे कधी बसला असाल तर हे बघितलं असेल. काल खिडकीजवळच्या मशीनवर प्रोग्राम लिहिला, आज ते मशीन दुसऱ्या कुणीतरी पकडलंय म्हणून दाराजवळच्या मशीनवर जागा मिळाली, लॉगिन केलं तर कालचा प्रोग्राम जसाच्या तसा समोर. पेन ड्राईव्ह नाही, स्वतःलाच मेल करणं नाही, काही नाही. कारण फाईल त्या दोनपैकी कुठल्याच मशीनवर नव्हती. ती होती सर्व्हर रूममधल्या एका डब्यावर, आणि लॅबमधली सगळी मशीनं त्या डब्यावरचं होम फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखं दाखवत होती. हे काम जी गोष्ट करते ती एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टिम.

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो तो आधी काढून टाकू. गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स साधारणपणे फाईलची कॉपी तुमच्या मशीनवर ठेवतात आणि मागच्या मागे दोन्हीकडच्या कॉप्या जुळवत बसतात. एनएफएस तसं करत नाही. फाईल एकच, ती सर्व्हरवर, आणि तुमचं मशीन लागेल तेवढा तुकडा लागेल तेव्हा मागून घेतं. ४ जीबीच्या व्हिडिओचा शेवटचा एक मिनिट बघायचा असेल तर तेवढाच भाग नेटवर्कवरून येतो, आख्खी फाईल ओढली जात नाही. वाचलेलं थोडंफार मेमरीत तात्पुरतं ठेवलं जातं, त्याच्या भानगडीकडे नंतर येतो.

आता यातली खरी करामत कुठे आहे तर ती अॅप्लिकेशनला काहीच कळत नाही यात आहे. तुमचा एडिटर, तुमचा व्हिडिओ प्लेयर, तुमचा पायथनचा प्रोग्राम, सगळे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एवढंच सांगतात की ही फाईल उघड, इतके बाइट वाच, इतके लिही. कर्नलच्या आत एक थर असतो, व्हीएफएस म्हणतात त्याला, तो बघतो की हा पाथ कुठल्या फाईल सिस्टिमवर आहे. लोकल डिस्क असेल तर काम एक्स्ट-४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टिमकडे जातं, एनएफएस असेल तर तेच मागणं पाकिटात भरून नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवलं जातं, आणि उत्तर आलं की अॅप्लिकेशनच्या हातात दिलं जातं. प्रोग्राममधे एक ओळ बदलावी लागत नाही. हे जितकं भारी आहे तितकंच पुढे त्रासाचं पण आहे, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की डिस्क ही डिस्क आहे, ती मधेच गायब होत नाही. नेटवर्क मात्र होतं गायब.

हे आलं कुठून ते थोडक्यात सांगतो. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात चौघांनी सुरू केली, त्यातले एक विनोद खोसला, जन्म पुण्याचा. सनचा धंदा वर्कस्टेशन विकायचा, आणि त्या काळात हार्ड डिस्क हा मशीनमधला चांगलाच महाग भाग होता. मग यांनी डिस्कच नसलेली वर्कस्टेशन काढली, जी नेटवर्कवरूनच बूट व्हायची आणि सगळ्या फायली एका सर्व्हरवरून घ्यायची. १९८५ मधे सनओएस २.० बरोबर एनएफएस बाजारात आलं, आणि सनने हुशारी ही केली की प्रोटोकॉल कसा चालतो ते दडवून न ठेवता बाकीच्यांना पण वापरू दिला, त्यामुळे प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मशीनवरही तो पोचला. बाहेर आलेलं पहिलं व्हर्जन २ होतं, १ सनच्या आतच राहिलं. २०१० मधे सनला ओरॅकलने विकत घेतलं, सन हे नाव मागे पडलं, पण एनएफएस अजून चालूच आहे. मजा म्हणजे डिस्क नसलेलं मशीन ही कल्पना पण मेली नाही, रास्पबेरी पायचं एसडी कार्ड सारखं खराब होतं म्हणून वैतागलेले लोक आज पायला नेटवर्कवरून बूट करतात आणि रूट फाईल सिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्या फायली, एनएफएसवर ठेवतात, म्हणजे फिरून ८५ सालीच.

सर्व्हरला काहीच आठवत नाही

एनएफएसबद्दल एकच गोष्ट नीट डोक्यात बसवायची असेल तर ती ही. मूळ एनएफएसचा सर्व्हर कुठल्या क्लायंटने, म्हणजे फाईल मागणाऱ्या मशीनने, कुठली फाईल उघडली आहे हे लक्षात ठेवत नाही. मुद्दाम. एनएफएसच्या नावाने लोक जे काही बोटं मोडतात त्यातलं निम्म्याहून जास्त या एका निर्णयातून आलेलं आहे, आणि ते कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

असं समजा की एक किराणावाला आहे जो उधारीची वहीच ठेवत नाही. त्याला जाऊन "कालचं राहिलेलं द्या" म्हणून चालणार नाही, प्रत्येक वेळी पूर्ण सांगायचं, अमुक पोत्यातली साखर, अमुक किलो. कंटाळवाणं आहे खरं, पण दुकान मधेच बंद होऊन परत उघडलं तरी काही बिघडत नाही, कारण हरवायला वहीच नव्हती.

एनएफएसमधे हे असं होतं. क्लायंट पहिल्यांदा फाईल शोधतो तेव्हा सर्व्हर त्याला एक फाईल हँडल देतो. हँडल म्हणजे बाइटचा एक गठ्ठा, आत साधारणपणे असतं की कुठली फाईल सिस्टिम, तिच्यातला कितवा आयनोड, म्हणजे फाईलची आतली नोंद, आणि त्या आयनोडची कितवी पिढी. यापुढे क्लायंट प्रत्येक मागणीत तो हँडल देतो आणि म्हणतो या फाईलचे ८१९२ व्या बाइटपासून पुढचे ४०९६ बाइट दे. "पुढचं दे" असं कधीच म्हणत नाही, कारण पुढचं म्हणजे कुठलं हे सर्व्हरला माहीत नाही. आणि तेच मागणं दोनदा गेलं तरी उत्तर तेच येतं. पाकीट हरवलं, उत्तर आलं नाही, तर क्लायंट गपचूप तेच परत पाठवतो. सर्व्हर पडला, १० मिनिटांनी परत उठला, तरी क्लायंट परत तेच मागतो आणि काम तिथून पुढे सुरू. कर्नलच्या लॉगमधे दोन ओळी दिसतात, आधी सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, नंतर सर्व्हर ओके, बस.

८० च्या दशकातली नेटवर्क आणि मशीनं किती पडायची ते बघता हा निर्णय जबरदस्त होता. एटी अँड टीची आरएफएस नावाची स्पर्धक सिस्टिम होती, तिचा सर्व्हर सगळं लक्षात ठेवायचा आणि युनिक्सचे नियम तंतोतंत पाळायचा, पुस्तकी दृष्टीने एनएफएसपेक्षा बरोबर. पण सर्व्हर पडला की त्याच्या डोक्यातलं सगळं गेलं. आज आरएफएसचं नाव कुणाला माहीत नाही.

पण विसरभोळेपणाची किंमत असते, आणि ती वसूल कशी होते ते बघू.

युनिक्समधे एक सोय आहे की फाईल कुणीतरी उघडून बसलेलं असताना पण डिलीट करता येते. नाव जातं, पण ज्याने उघडली आहे त्याला ती बंद करेपर्यंत वाचता येते. आता एनएफएसच्या सर्व्हरला कुणी उघडली आहे हेच माहीत नाही, मग तो डिलीटचं मागणं आलं की सरळ उडवून टाकणार. हे टाळायला क्लायंट एक जुगाड करतो. त्याच्याच मशीनवर फाईल उघडी असेल तर तो डिलीट पाठवतच नाही, तिचं नाव बदलून टाकतो, डॉटने सुरू होणारं, पुढे एनएफएस आणि मग लांबच्या लांब आकडे आणि अक्षरं. म्हणून कधीतरी तुम्ही फोल्डर उडवायला जाता आणि मशीन म्हणतं फोल्डर रिकामं नाही. लपलेल्या फायली बघितल्या तर आत हे एक ध्यान. तुम्ही ते उडवायला जाता, तर मशीन म्हणतं ते वापरात आहे, किंवा तसंच दुसरं उगवतं वेगळ्या आकड्यांचं. व्हायरस नाही तो. कुठलातरी प्रोग्राम फाईल धरून बसलाय, बऱ्याचदा मागे चालू राहिलेला एडिटर किंवा लॉग लिहिणारी सर्व्हिस, एलएसओएफ कमांडने कोण ते शोधायचं आणि बंद करायचं, ते ध्यान आपोआप जातं. यात पण मेख आहे. हा जुगाड एकाच क्लायंटपुरता. फाईल तुम्ही उघडली आणि डिलीट शेजारच्या मशीनवरच्याने केली तर जुगाडाला वावच नाही, तुमच्या हातातला हँडल शिळा, आणि स्टेल फाईल हँडल नावाची ती प्रसिद्ध एरर तुमच्या तोंडावर. हँडलमधे पिढीचा आकडा का ठेवला तेही इथे कळतं, तोच आयनोड नव्या फाईलला दिला गेला असेल तर जुना हँडल घेऊन आलेल्याला चुकून नव्या फाईलचा डेटा मिळायला नको.

दुसरी किंमत लिहिण्याच्या वेगाची. सर्व्हरने "लिहिलं" असं सांगितलं आणि दुसऱ्या सेकंदाला लाईट गेले तर? क्लायंटने तर त्याच्याकडचा डेटा टाकून दिला असणार. म्हणून नियम असा की खरंच डिस्कवर गेल्याशिवाय सर्व्हरने हो म्हणायचं नाही. व्हर्जन २ मधे प्रत्येक ८ केबीच्या तुकड्याला हे चालायचं, आणि ते भयंकर स्लो होतं. १९९५ च्या व्हर्जन ३ मधे यावर एक छान तोड काढली. क्लायंट भराभर तुकडे पाठवतो, सर्व्हर ते मेमरीत घेतो, आणि शेवटी क्लायंट एकदाच सांगतो की आता सगळं डिस्कवर टाक. मधे सर्व्हर रीस्टार्ट झाला असेल तर कसं कळणार? प्रत्येक उत्तराबरोबर सर्व्हर एक खुणेचा आकडा देतो जो रीस्टार्ट झाला की बदलतो. क्लायंटने बघितलं की आकडा बदलला, तर तो समजून जातो की यांच्या मेमरीतलं उडालंय, आणि सगळे तुकडे परत पाठवतो. त्याच व्हर्जनमधे २ जीबीपेक्षा मोठ्या फायलींची अडचण पण गेली.

तिसरी किंमत लॉकची. दोन मशीनवरून एकच फाईल एकाच वेळी लिहिली जाऊ नये म्हणून लॉक लागतो, आणि लॉक म्हणजेच लक्षात ठेवणं. विसरभोळ्या सर्व्हरला ते जमणार कसं, म्हणून बाजूला वेगळे दोन प्रोग्राम चिकटवले, एक लॉक सांभाळणारा, एक कोण रीस्टार्ट झालं त्यावर लक्ष ठेवणारा, आणि ते ठिगळ वर्षानुवर्षं कुरकुरत राहिलं. एसक्यूलाइटवाले आजही सांगतात की डेटाबेसची फाईल एनएफएसवर ठेवून बऱ्याच मशीनवरून लिहू नका. मेलसाठी मेलडिर नावाचा फॉरमॅट निघाला ज्यात प्रत्येक मेल वेगळी फाईल, म्हणजे लॉकची गरजच नको, त्यामागे एनएफएसचा हाच ताप होता.

शेवटी व्हर्जन ४ मधे किराणावाल्याने वही ठेवलीच. २००० साली पहिलं मानक आलं, २००३ मधे सुधारून आलं. आता सर्व्हर कुणी काय उघडलंय, कुणाचा लॉक आहे ते लक्षात ठेवतो, पण कायमचं नाही, मुदतीवर. क्लायंटने ठराविक वेळात "मी आहे अजून" असं कळवलं नाही तर त्याचे लॉक गेले. आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की तो काही वेळ, लिनक्सवर साधारण ९० सेकंद, नवीन लॉक देत नाही, आधी जुन्यांनी येऊन आपापलं सांगावं म्हणून. त्यामुळे सर्व्हर रीबूट करून लगेच "अरे चालू झालाय तरी लटकलंय" म्हणून परत रीबूट मारू नका, दीड मिनिट दम धरा. व्हर्जन ४ चा अजून एक मोठा फायदा म्हणजे सगळं एकाच पोर्टवरून, म्हणजे मशीनच्या एकाच नंबरच्या दारातून जातं, २०४९. आधी कोण कुठल्या पोर्टवर ते सांगणारा पोर्टमॅपर १११ वर, फोल्डर जोडून देणारा माउंटवाला कुठेतरी, लॉकवाला कुठेतरी, फायरवॉल सांभाळणाऱ्याचा जीव जायचा.

फाईल टाकली, पण त्याला दिसत नाही

प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारत बसलं तर काम होणार नाही, म्हणून क्लायंट फाईलची माहिती, म्हणजे साईझ, तारीख वगैरे, थोडा वेळ स्वतःकडे ठेवतो. लिनक्सवर फाईलसाठी हा वेळ ३ सेकंद ते ६० सेकंद, फोल्डरसाठी ३० ते ६०. म्हणजे तुम्ही फोल्डरमधे नवीन फाईल टाकली आणि शेजारच्याला फोन करून सांगितलं की बघ, तर त्याला अर्धा एक मिनिट ती दिसणारच नाही असं होऊ शकतं, यात कुणाचीच चूक नाही.

एनएफएस फक्त एवढंच वचन देतं की एकाने फाईल लिहून बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने उघडली तर त्याला नवीन मजकूर मिळेल. बंद करून मग उघडणं, हा क्रम पाळला तर. दोघांनी एकाच वेळी उघडून ठेवली असेल तर कोण काय बघेल याची खात्री नाही. अजून एक, फाईल बदलली की कर्नलकडून कळवणारी जी यंत्रणा असते, जिच्या जोरावर वेब डेव्हलपमेंटचे टूल आपोआप पेज रीलोड करतात, ती दुसऱ्या मशीनवरून झालेले बदल कळवत नाही. कोड एनएफएसवर ठेवून ऑटो रीलोड का चालत नाही म्हणून डोकं धरून बसणाऱ्यांसाठी उत्तर हेच आहे.

ओळख नावाची नाही, नंबराची

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते. एनएफएसच्या साध्या सेटअपमधे सर्व्हर पासवर्ड विचारत नाही. क्लायंट मशीन सांगतं की हे मागणं युजर नंबर १००० चं आहे, आणि सर्व्हर म्हणतो बरं. संपलं. नाव जात नाही, नुसता नंबर जातो.

घरातलंच उदाहरण घ्या. ताईच्या उबुंटू लॅपटॉपवर पहिला युजर ताई, तिचा नंबर १०००. दादाच्या उबुंटू लॅपटॉपवर पहिला युजर दादा, त्याचा पण नंबर १०००. दोघांनी सर्व्हरवरचं एकच फोल्डर माउंट केलं, म्हणजे आपापल्या मशीनला जोडलं. ताईने फाईल बनवली आणि दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून परमिशन घट्ट केली. दादाच्या लॅपटॉपवर तीच फाईल दादाच्या मालकीची दिसते आणि मजेत उघडते, कारण सर्व्हरच्या दृष्टीने दोघं एकच माणूस. उलट बाबांकडे मॅक आहे, तिथे पहिल्या युजरचा नंबर ५०१, त्यामुळे बाबांना स्वतःच्याच हाताने टाकलेल्या फायली लिनक्सवरून बघताना मालक ५०१ असा नुसता आकडा दिसतो आणि लिहायला गेलं की परमिशन डिनाइड. तासभर परमिशन बदलत बसतात लोक, शेवटी सगळं ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, करून टाकतात, जे करू नये. आधी दोन्हीकडे आयडी कमांड मारून नंबर बघा. कॉलेज लॅबमधे हे नंबर सगळीकडे एकच राहावेत म्हणून युजरची एकच यादी सगळ्या मशीनना पुरवणारं जुन्या काळी एनआयएस असायचं, आता एलडॅप असतं, लॅबमधलं ते जादूचं होम फोल्डर नुसत्या एनएफएसवर चालत नाही, ही दुसरी बाजू पण लागते.

व्हर्जन ४ मधे नंबराऐवजी नावं पाठवायची सोय आली खरी, पण साध्या सेटअपमधे परमिशन तपासताना तरीही नंबरच बघितला जातो, त्यामुळे कधी कधी स्क्रीनवर नाव बरोबर दिसतं आणि तरी लिहिता येत नाही. आणि दोन्हीकडच्या सेटिंगमधलं डोमेनचं नाव जुळलं नाही तर सगळ्या फायली नोबडी नावाच्या, कसलेच खास अधिकार नसलेल्या युजरच्या दिसू शकतात.

मग क्लायंटवरचा रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, सर्व्हरवर पण रूट होईल का? नाही, तेवढी अक्कल दाखवलेली आहे. रूट स्क्वॉश नावाची सेटिंग आधीपासून चालू असते, ती रूटला पकडून नोबडी करून टाकते, नंबर ६५५३४. नेटवर ठिकठिकाणी सल्ला दिसेल की परमिशनचा त्रास होत असेल तर नो रूट स्क्वॉश टाका. टाकू नका. त्याचा अर्थ ज्याच्याकडे कुठल्याही क्लायंटचा रूट आहे तो तुमच्या सर्व्हरवर रूटच्या मालकीची, रूट म्हणून चालणारी फाईल ठेवू शकतो, आणि मग सर्व्हरवर साधं लॉगिन असलेल्या कुणालाही ती चालवून सर्व्हर ताब्यात घेता येतो. आणि रूट स्क्वॉश असलं तरी सुद्धा हे विसरू नका की क्लायंटवरचा रूट स्वतःला १००० म्हणवून घेऊ शकतो आणि सर्व्हर परत बरं म्हणणार. खरी ओळखपाळख हवी असेल तर कर्बेरॉस लावावं लागतं, ते मजबूत आहे पण बसवायला डोकेदुखी आहे, घरासाठी मी तरी सुचवणार नाही. नेटवर्कवरून जाणारा डेटा पण साध्या सेटअपमधे उघडाच जातो. २०२२ मधे टीएलएस वापरून तो झाकायचं मानक आलं आणि लिनक्स कर्नलमधे त्याचा सपोर्टही आलाय, पण बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन टाकून त्याच्या आतून एनएफएस चालवणं सगळ्यात सोपं. इंटरनेटवर २०४९ पोर्ट उघडा ठेवणं म्हणजे विषय संपला.

सेटअप करताना

सेटअप तसा छोटा आहे. उबुंटू किंवा डेबियनवर सर्व्हरला एनएफएस कर्नल सर्व्हर नावाचं पॅकेज, क्लायंटला एनएफएस कॉमन, फेडोरावर दोन्हीसाठी एनएफएस यूटिल्स. सर्व्हरवर एटसी फोल्डरात एक्सपोर्ट्स नावाची फाईल असते, तिच्यात एका ओळीत फोल्डरचा पाथ, मग कुणाला द्यायचं तो पत्ता, आणि पत्त्याला चिकटून कंसात परवानग्या, वाचायलाच की लिहायला पण, वगैरे. चिकटून हा शब्द नुसता वाचून पुढे जाऊ नका. पत्ता आणि कंस यांच्यामधे एक स्पेस पडली तर एनएफएस त्याचा अर्थ असा लावतं की त्या पत्त्याला नेहमीची परवानगी, म्हणजे नुसतं वाचायची, आणि कंसात जे लिहिलंय ते सगळ्या जगाला. म्हणजे ज्याला लिहायला द्यायचं होतं त्याला मिळत नाही आणि बाकी सगळ्यांना मिळतं. एका स्पेसने. फाईल सेव्ह केली की एक्सपोर्टएफएस कमांड आरए लावून चालवायची, आणि मग व्ही लावून चालवायची, ती खरं काय शेअर झालंय ते दाखवते, तिथे जगाच्या नावाने ओळ दिसली तर स्पेस शोधा.

अजून दोन गोष्टी. शेअर करायचं फोल्डर शक्यतो वेगळ्या पार्टिशनवर ठेवा, कारण हँडल पूर्ण फाईल सिस्टिमच्या हिशोबाने चालतो आणि एखाद्या चलाख माणसाने हँडल अंदाजाने बनवला तर त्याच पार्टिशनवरच्या शेअर न केलेल्या फायलींपर्यंत पोचू शकतो. आणि दुसरं म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरच्या आत तुम्ही दुसरी डिस्क माउंट केलेली असेल तर क्लायंटला तिथे रिकामं फोल्डर दिसेल. डेटा गेला म्हणून घाबरू नका, सर्व्हरवर बघा, सगळं जागेवर असतं. त्या डिस्कसाठी वेगळी ओळ टाका किंवा क्रॉसमाउंटचा ऑप्शन लावा.

स्पीडबद्दल लोकांची अपेक्षा चुकते ती इथे. गिगाबिट नेटवर्कवर मोठी फाईल सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाते, मस्त. पण २०,००० छोट्या फायलींचं फोल्डर, उदाहरणार्थ जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमधलं नोड मॉड्यूल्स, ते टाकायला गेलं की सगळं रांगतं. कारण प्रत्येक फाईलला आधी शोध, मग बनव, मग लिही, मग डिस्कवर पक्कं कर, अशा फेऱ्या होतात. सर्व्हरच्या हार्ड डिस्कला एक फाईल पक्की करायला १० मिलिसेकंद लागले असं धरलं तर २०,००० फायलींना २०० सेकंद, डेटा ५० एमबी असला तरी. केबल बदलून यात फरक पडत नाही, सर्व्हरला एसएसडी टाकून पडतो. एक्सपोर्टमधे असिंक लिहिलं तर एकदम वेग येतो, पण तो वेग सर्व्हर खोटं बोलून देतो, डिस्कवर न जाताच गेलं म्हणतो, लाईट गेले तर डेटा गेला. तात्पुरत्या फायलींसाठी ठीक, लग्नाच्या फोटोंसाठी नाही.

मशीन लटकतं तेव्हा

क्लायंटवर माउंट करताना हार्ड आणि सॉफ्ट असे दोन प्रकार असतात, न सांगता हार्ड असतं. हार्ड म्हणजे सर्व्हर गेला तर क्लायंट अनंतकाळ वाट बघणार. यामुळेच सर्व्हर बंद असताना नुसती डीएफ, म्हणजे डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड, मारली तरी टर्मिनल गोठतं, फाईल मॅनेजर उघडत नाही, आणि तुम्हाला वाटतं आपलं मशीन गेलं. सॉफ्ट केलं तर थोड्या प्रयत्नांनी एरर येते आणि सुटका होते, म्हणून लोक सॉफ्ट करतात, पण बरेच प्रोग्राम लिहिताना आलेली एरर तपासतच नाहीत, आणि अर्धवट लिहिलेली फाईल पूर्ण समजून पुढे जातात. नुसतं वाचायचं असेल, सिनेमे वगैरे, तर सॉफ्ट चालेल. लिहायचं असेल तर हार्डच ठेवा.

लॅपटॉपसाठी एफएसटॅबमधे, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत, नो फेलचा ऑप्शन टाका, नाहीतर घराबाहेर बूट करताना सर्व्हर सापडत नाही आणि मशीन त्याची वाट बघत बसू शकतं. त्याहून बरं म्हणजे सिस्टिमडीचं ऑटोमाउंट, फोल्डरला हात लावला तरच माउंट होतं. लटकलंच तर आधी सर्व्हर चालू करता येतो का बघा, बहुतेक वेळा तो उठला की सगळं आपोआप सुटतं. सर्व्हर येणारच नसेल तर अनमाउंट कमांड एफ लावून, तरी नाही ऐकलं तर एल लावून, ती फोल्डर नजरेआड करते आणि बाकीचं नंतर निस्तरते. अडकलेला प्रोसेस आताच्या कर्नलवर किल ९ ने मरतो, फार जुन्या कर्नलवर तेही चालायचं नाही, रीबूट हाच उपाय असायचा.

घरात सगळी विंडोजच असतील तर या भानगडीत पडूच नका, सर्व्हरवर सांबा लावा, ते विंडोजच्याच पद्धतीने फाईल शेअर करतं. विंडोज प्रो मधे एनएफएसचा क्लायंट मिळतो पण त्याची धाव व्हर्जन ३ पर्यंत. लिनक्स मशीन दोन-तीन आणि एखादा नॅसचा, म्हणजे नेटवर्कवर फायली ठेवायचा, डबा असेल तर एनएफएस व्हर्जन ४ लावा, आणि माउंट झाल्यावर एनएफएसस्टॅट कमांड एम लावून बघा खरंच ४ वर जोडलंय का, कारण जमलं नाही तर ते काही न बोलता ३ वर उतरलेलं असू शकतं.